आजोबांचा वस्तरा आज चालेल का? धार लागते दगडावर, पण दाढी ठरते पट्ट्यावर

माळ्यावरची जुनी ट्रंक उघडली की पितळी अडकित्ता, बंद पडलेलं घड्याळ यांच्यासोबत बऱ्याच घरांत एक वस्तरा निघतो. शिंगाची नाहीतर सेल्युलॉइडची मूठ, पात्यावर शेफिल्ड किंवा सोलिंगेनचा शिक्का, कडेला थोडा गंज. बेळगाव-निपाणीकडे आपण त्याला वस्तरा म्हणतो, इंदूर-ग्वाल्हेर-हैदराबादेत उस्तरा, वडोदऱ्यात अस्त्रो. फारसीतल्या एकाच शब्दाची ही भावंडं. मग घरातलं कुणीतरी तो उघडतं, अंगठ्यावरून हळूच फिरवून बघतं आणि म्हणतं, "अजून चांगली धार आहे की! करून बघूया काय दाढी?"

जरा थांबा. अंगठ्याला जाणवणारी धार आणि गालावर चालणारी धार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कागद सरसर कापणारा वस्तरा दाढीला लावला तर केस ओढतो, कातडी सोलवटतो. पूर्वीच्या न्हाव्याला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून तो धोकटीतून वस्तरा काढला की आधी दोन-चार हात पट्ट्यावर मारायचा, मगच गालाला लावायचा. त्या फटाफट आवाजामागे नक्की काय घडत होतं? आणि तो पट्टा आज सलूनमधून जवळपास गेलाच आहे, तो का? दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत.

धार म्हणजे किती बारीक?

पात्याच्या दोन बाजू जिथे एकमेकींना मिळतात ती रेघ म्हणजे धार. कागदावर काढली तर ती रेघ शून्य जाडीची. प्रत्यक्षात तिला जाडी असतेच. एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर एक भाग म्हणजे एक मायक्रॉन. दाढीचा केस साधारण १०० मायक्रॉन जाड धरा. दाढीला योग्य अशा धारेचं टोक अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास असतं. म्हणजे केस हा धारेच्या टोकापेक्षा सुमारे २०० पट रुंद. धार एवढी बारीक असली की केसावर थोडा दाब पडला तरी पुरतो. टोक जाड झालं की तोच केस आधी वाकतो, मग ओढला जातो आणि शेवटी कसाबसा तुटतो. "वस्तरा ओढतोय" असं आपण म्हणतो ते हेच.

डोळ्यांना अर्धा मायक्रॉन दिसत नाही. पण एक सोपी खूण आहे. वस्तरा उजेडाखाली धार वर करून धरा आणि सरळ वरून बघा. चांगली धार दिसतच नाही, कारण उजेड परत फेकण्याइतकी जागाच तिथे नसते. कुठे पांढरी रेघ किंवा चमकता ठिपका दिसला, तर तिथे धार बसली आहे किंवा तुटली आहे.

कोन पात्यातच बांधलेला असतो

सुरीला दगडावर धार लावताना कोन हातानेच सांभाळावा लागतो. वस्तऱ्याची गंमत अशी की त्याचा कोन बनवणाऱ्यानेच ठरवून दिलेला असतो. पात्याची जाड पाठ आणि धार, दोन्ही एकाच वेळी दगडावर टेकवायची आणि पातं सपाट सरकवायचं. पाठ साधारण साडेचार मिलिमीटर जाड आणि पातं १६ मिलिमीटर रुंद असेल, तर दोन्ही बाजू मिळून कोन येतो सुमारे १६ अंश. घरातल्या सुरीचा कोन बहुतेक वेळा याच्या दुप्पट असतो. दगडावर धार झिजते तशी पाठही थोडी झिजते, त्यामुळे वर्षानुवर्षं वापरूनही कोन जवळपास तोच राहतो.

पात्याच्या दोन्ही बाजू आत खोलगट कोरलेल्या असतात त्यामागेही कारण आहे. पातं भरीव असतं तर प्रत्येक वेळी पूर्ण बाजू घासावी लागली असती. खोलगट केल्यामुळे दगडाला फक्त पाठ आणि धारेजवळची अरुंद पट्टी लागते, आणि काम थोडक्यात होतं.

म्हणूनच एक गोष्ट लक्षात ठेवा. गल्लीत सायकलवर चाक फिरवत येणाऱ्या धारवाल्याकडे कात्री, सुरी, विळी खुशाल द्या. वस्तरा मात्र देऊ नका. त्यांच्या कामात खोट आहे असं नाही, ते चाकच या कामाचं नाही. फिरत्या कोरड्या चाकावर वस्तऱ्याची पातळ कड क्षणात तापते. पोलाद ठरावीक मर्यादेपलीकडे तापलं की त्याचा कडकपणा उतरतो, कडेवर निळसर झाक येते. एकदा तसं झालं की तेवढा भाग घासून काढल्याशिवाय तिथे धार टिकत नाही.

दगडावर काय होतं?

दगड पोलाद घासून काढतो, एवढं साधं काम. पण ते टप्प्याटप्प्याने करावं लागतं. हल्लीच्या दगडांवर १०००, ४०००, ८०००, १२००० असे आकडे असतात. आकडा जितका मोठा तितके दगडातले कण बारीक. १००० नंबरच्या दगडातला कण साधारण १२ ते १५ मायक्रॉनचा, तर ८००० नंबरचा एक ते तीन मायक्रॉनचा. बेल्जियमच्या आर्देन भागातला पिवळसर कोटिक्यूल दगड वस्तऱ्यासाठी प्रसिद्ध आहे. त्यात गार्नेट या कठीण खनिजाचे बारीक कण असतात.

प्रत्येक कण पात्यावर एक ओरखडा काढतो. ओरखडा थेट कडेपर्यंत पोचला की तिथे एक दात तयार होतो. १००० नंबरच्या दगडावरून उतरलेली धार म्हणजे बारीक करवतच. ती दंडावरचे केस कापेल, पण गालाची साल काढेल. पुढचा प्रत्येक दगड आधीच्या दगडाचे ओरखडे पुसून आपले अधिक बारीक ओरखडे सोडतो. आधीचे ओरखडे पूर्ण गेले नसताना घाईने पुढच्या दगडावर गेलं की खोल दात तसेच राहतात, वरून फक्त चकाकी येते. "एवढा वेळ घासला तरी लागतच नाही" या तक्रारीचं कारण बहुतेकदा हेच असतं.

दगडावर पातं नेहमी धार पुढे ठेवून सरकवतात, जणू दगडाचा पातळ पापुद्रा काढायचा आहे. जोर लावायचा नाही. जोर दिला की पातळ कड वाकते आणि दुसऱ्या बाजूला पोलादाची अतिशय पातळ कोर उलटून उभी राहते. बोटाला ती धारदार वाटते आणि पहिला एखादा हात दाढीही करते. मग मोडून पडते आणि मागे बोथट कड ठेवून जाते. म्हणून शेवटच्या दगडावर फक्त वस्तऱ्याच्या वजनाने, दोन्ही बाजूंना सारखेच हात मारतात.

पट्ट्यावर काय होतं?

आता तो चामड्याचा पट्टा. इथे दिशा उलटते. पाठ पुढे, धार मागे. धार पुढे ठेवली तर पट्टाही कापला जाईल आणि धारही जाईल. टोकाला पोचल्यावर पातं उचलायचं नाही, पाठीवरच लोळवून उलटवायचं आणि परत यायचं. अनेक पट्ट्यांना दोन पदर असतात, एक जाड कापडाचा आणि एक चामड्याचा. आधी कापडावर वीस-तीस फेऱ्या, मग चामड्यावर पन्नासेक, असा साधारण रिवाज.

साधं स्वच्छ चामडं पोलादापेक्षा कितीतरी मऊ. ते दगडासारखी नवी धार पाडू शकत नाही. मग ते करतं काय? कडेवर अडकलेला कचरा आणि गंजाचा सूक्ष्म थर पुसतं. दगडाने मागे ठेवलेली कमकुवत, लोंबती कोर काढतं किंवा सरळ करतं. आणि टोकाच्या दोन बाजूंचा खरखरीतपणा थोडा गुळगुळीत करतं. परिणाम लगेच गालाला कळतो. दगडावरून थेट उचललेला वस्तरा कापतो खरा, पण दाढीनंतर गाल आगीसारखा झोंबतो. तोच वस्तरा पट्ट्यावर परजून घेतला की केस तसाच कापतो, पण कातडीवरून सरकतो. दाढी ठरते पट्ट्यावर, ती अशी.

पट्ट्याला हिरवी पेस्ट लावली की गोष्ट वेगळी होते. त्या पेस्टमध्ये क्रोमियम ऑक्साइडचे सुमारे अर्ध्या मायक्रॉनचे कण असतात आणि ते पोलाद खरोखर घासतात. मग तो पट्टा म्हणजे अतिबारीक नंबरचा दगडच झाला. दमलेली धार त्याने जागी होते. पण चामडं दबतं आणि कडेभोवती वळतं, त्यामुळे पेस्टचा अतिरेक केला की टोक हळूहळू गोलसर होत जातं. पेस्ट क्वचित, साधा पट्टा रोज, हा बरा नियम. पट्टा ताणून धरायचा त्यामागेही हेच कारण. सैल पट्टा म्हणजे झोळी, आणि झोळीत धार गोल होणारच.

मऊ केस कडक पोलादाला हरवतो कसा?

केस पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ. तरीही रोजच्या दाढीने ब्लेड जातंच. घासून घासून टोक गोल होत असेल, असाच सगळ्यांचा समज होता. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या संशोधकांनी ब्लेड इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून केस कापला जाताना पाहिलं. 'सायन्स' या नियतकालिकात २०२० साली त्यांचा शोधनिबंध आला. त्यांना दिसलं ते असं: टोक सावकाश झिजत नाही, त्याचे सूक्ष्म टवके उडतात.

टवका कुठेही उडत नाही. केस धारेला तिरका भिडलेला असावा लागतो, पोलादाची अंतर्गत रचना तिथे एकसारखी नसावी लागते, आणि त्या कच्च्या जागेच्या नेमक्या कडेला केस येऊन टेकावा लागतो. तिन्ही गोष्टी जुळल्या की मऊ केस कडक पोलादाचा तुकडा पाडतो. प्रयोग आजच्या पातळ ब्लेडवरचा आहे, पण वस्तऱ्याचं पोलादही तसंच तापवून आणि विझवून कडक केलेलं असतं. त्यामुळे धडा दोघांनाही लागू पडतो.

पहिला धडा पोलादाचा. १७४० च्या दशकात बेंजामिन हंट्समन यांनी शेफिल्डजवळ मुशीत पोलाद वितळवून ते एकजीव करण्याची पद्धत बसवली आणि पुढे शेफिल्डच्या वस्तऱ्यांनी नाव कमावलं. एकजीव पोलादात कच्च्या जागा कमी, म्हणून टवकेही कमी. मुशीतलं पोलाद आपल्या भागाला त्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं. युरोपात गाजलेल्या 'वूट्झ' पोलादाचं नाव कन्नडमधल्या 'उक्कु' या शब्दावरून आलं असं मानतात, आणि तेलंगणातल्या निजामाबाद भागातलं कोनसमुद्रम हे त्याचं नावाजलेलं केंद्र. लंडनचे सुऱ्या-वस्तरे बनवणारे जेम्स स्टोडार्ट या वूट्झचे चाहते होते. त्यांनी आणि मायकेल फॅरेडे यांनी १८२० च्या सुमारास पोलादाच्या मिश्रणांवर प्रयोग केले, त्यातून वस्तरेही घडवले.

दुसरा धडा पाण्याचा, आणि तो फुकट आहे. केस पाणी शोषतो आणि मऊ पडतो. कोमट पाण्याने दोन-तीन मिनिटं दाढी नीट भिजवली की केस कापायला बराच कमी जोर लागतो. जुना न्हावी पाणी लावून गाल चोळत बसायचा तो वेळकाढूपणा नव्हता. तो गिऱ्हाइकाची कातडी आणि आपली धार, दोन्ही वाचवत होता.

वस्तरा काय सांगतोय ते ओळखा

केस ओढत असेल तर लगेच दगडाकडे धावू नका. आधी पट्ट्यावर पन्नास फेऱ्या मारा. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. तरीही ओढत असेल तर शेवटच्या बारीक दगडावर दहा-पंधरा हलके हात आणि परत पट्टा. त्यानेही होत नसेल किंवा उजेडात टवके दिसत असतील, तरच खालच्या नंबरच्या दगडापासून सुरुवात.

वस्तरा कापतो पण गाल झोंबतो, असं असेल तर तीन शक्यता. दगडाची लोंबती कोर राहिली आहे, पट्टा कमी पडला आहे किंवा तुम्ही जोर देताय. पातं कातडीशी साधारण ३० अंशांत धरावं, दुसऱ्या हाताने कातडी ताणावी आणि वजन वस्तऱ्याचंच असू द्यावं. पातं एका टोकाला चालतं आणि दुसऱ्या टोकाला ओढतं, तर दगडावर हात एकसारखा पडलेला नाही.

घरी एकाच माणसाच्या दाढीला नीट लावलेली धार, दर वेळी पट्टा मारला तर, काही आठवडे ते काही महिने चालते. केसांचा राठपणा आणि हाताची सवय यावर ते ठरतं. लोंबत्या केसाला धार लावून बघण्याची परीक्षा लोकप्रिय आहे, पण केस कुणाचा बारीक, कुणाचा जाड. शेवटची परीक्षा गालच घेतो.

मग सलूनमधून पट्टा गेला का?

आज बेळगावच्या खडेबाजारात दाढीला बसा की पणजीत, न्हाव्याच्या हातातला वस्तरा दिसतो जुन्यासारखा, पण पातं असतं अर्धं ब्लेड. कागदातच मोडलेलं, एका गिऱ्हाइकापुरतं. कारण आरोग्याचं आहे.

दाढी करताना डोळ्यांना न दिसणारे कापे पडतातच. हिपॅटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर, सुकलेल्या रक्तातही, किमान सात दिवस संसर्ग करण्याइतका जिवंत राहू शकतो. हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही यांचाही रक्ताशी संबंध आहे. पोलादाचं पातं उकळता येतं, जंतुनाशकात बुडवता येतं. चामडं उकळता येत नाही, आणि त्याच्या छिद्रांत गेलेलं बाहेर काढता येत नाही. एका गालावरून आलेलं पातं पट्ट्यावर पुसायचं आणि तेच दुसऱ्या गालाला लावायचं, म्हणजे पट्टा हा सगळ्या गिऱ्हाइकांचा सामाईक झाला. धारेला ज्याने जीव दिला तोच पट्टा दुकानात जोखमीचा ठरला. बलुत्याच्या काळापासून पिढ्यान्‌पिढ्या हातात बसलेलं एक कसब त्यामुळे मागे पडलं. हळहळ वाटते. पण इथे बदल योग्यच आहे.

म्हणून दुकानात बसताना नवं ब्लेड आपल्यासमोर मोडून लावायला सांगा. त्यात संकोच कसला? चांगला कारागीर न सांगताच तसं करतो. आणि तुरटीचा एकच खडा सगळ्यांच्या गालावर फिरत असेल तर तोही नको म्हणा. ब्लेड नवं आणि तुरटी सामाईक, याला अर्थ नाही.

घरचा वस्तरा वापरायचा असेल तर

एका माणसाचा एक वस्तरा आणि एक पट्टा असेल तर वरचा धोका उरत नाही. पण घरातही तो दोघांत वाटून घेऊ नका, बापलेक असले तरी.

ट्रंकेतल्या वस्तऱ्याची आधी तपासणी करा. वरवरचा तांबूस गंज निघतो. धारेजवळ काळे खोल खड्डे असतील किंवा पात्याला चीर असेल, तर तो आठवण म्हणून शोकेसमध्ये ठेवा. पातं ठीक असेल तर स्वच्छ धुऊन, जंतुनाशकाने पुसून घ्या आणि वस्तऱ्याच्या धारेची सवय असलेल्या माणसाकडून एकदा दगडावर लावून घ्या. आसपासच्या नाभिक बांधवांमध्ये वयस्कर कारागीर असतील तर आधी त्यांना विचारा. दगड आणि पट्टा दोन्ही वापरलेले हात अजून आहेत. पहिले काही दिवस फक्त गालाचा सपाट भाग करा. हनुवटी आणि गळा नंतर. मधुमेह असेल किंवा रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल, तर हा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

दाढी झाल्यावर पातं धुऊन पूर्ण कोरडं करा. अर्ध्या मायक्रॉनच्या कडेला गंजाचा हलका डागही पुरतो. गोवा-कोकणच्या दमट हवेत आणि बेळगाव-खानापूरच्या पावसाळ्यात तर जास्तच जपायला हवं. वस्तरा न्हाणीघरात ठेवू नका, बरेच दिवस वापरणार नसाल तर शिलाई मशीनच्या तेलाचं बोट फिरवा. पट्टा मोकळ्या हवेत लटकवा, नाहीतर बुरशी धरेल. पट्टा मारायचा तो दाढीच्या आधी. दाढी संपल्या संपल्या ओल्या पात्यावर मारू नका.

राहिला पहिला प्रश्न: आजोबांचा वस्तरा चालेल का? पोलाद शाबूत असेल तर चालेल, आणि नीट राखला तर नातवालाही नव्या पट्ट्यासह देता येईल. फक्त अंगठ्यावरच्या धारेवर विश्वास ठेवू नका. आधी दगड, मग पट्टा, मग भिजवलेली दाढी. हा क्रम चुकला की त्याची किंमत गालालाच मोजावी लागते.